आत्यानं कानात सांगितलेलं

कुर्रर्र.

हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. बारशाला आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेते, कुर्रर्र करते आणि नाव सांगते. बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात आणि हसतात. सगळ्यांच्या घरी होतं तसंच ते आमच्याही घरी झालं. फरक एवढाच, की माझ्या बायकोची, कमलाची, आधीची लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून माझी थोरली बहीण मैनाबाई म्हणाली, हिचं खरं नाव कोणाला कळूच द्यायचं नाही. जे नाव कोणाला माहीत नाही, त्याला नजर लागणार कशी? तिनं पोरीच्या कानात एक नाव सांगितलं, आणि मान वर करून मोठ्यानं दुसरंच सांगितलं. अपेक्षा.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. कुर्रर्र ऐकलं, बुक्के ऐकले, हसणं ऐकलं. नाव ऐकलं नाही. बापानंही ऐकायचं नव्हतं.

पोरगी जगली. अपेक्षा नावानंच शाळेत गेली. मी बालाघाटच्या लाकूड डेपोत होतो, ओंडक्यांवर शिक्क्याचा हातोडा मारायचो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पोरगी मात्र आयटीआयला गेली, घरांचे नकाशे काढायला शिकली. गोंदियाच्या एका दुकानात कामाला लागली. तिथं नकाशांच्या निळ्या प्रती निघत, आणि त्या कागदांना अमोनियाचा वास असे. तो डोळ्यांना झोंबतो. शनिवारी ती घरी आली, की तिच्या आधी तो वास उंबऱ्यातून आत यायचा. कमला म्हणायची, "आली जी तुमची इंजिनेर."

पुढं कमला काविळीनं गेली. त्याच्या पुढल्या वर्षी पोरीचं लग्न लांजीच्या घनश्यामशी झालं. तो घरं बांधायचा ठेका घेई. एक जुना लॅपटॉप त्यानं नागपुराहून आणून तिच्यापुढं ठेवला. नकाशे ती काढायची, खाली नाव त्याचं असायचं. मी एकदा विचारलं तर हसून म्हणाली, "बाबा, घर तर उभं राह्यते ना."

दोन हजार सात सालच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, शेजारच्या फोनवर निरोप आला. जिन्यावरून पडली म्हणाले. मिळेल त्या गाडीनं मी लांजीला पोचलो, तर तिला अग्नी देऊन अंगण सारवून झालं होतं. घनश्याम पांढऱ्या कपड्यात बसला होता. म्हणाला, "बाबूजी, दिन डूबने वाला था. रोकना ठीक नहीं था."

मी मागं वळून पाहिलं. सूर्य अजून धानाच्या शेतावर चांगला वर होता.

मी बोलायला हळू आहे. राग आला की तर आणखीच हळू होतो. शब्द आत राहतात आणि आतच तापत राहतात.

तुम्ही दिवा जरा इकडे सरकवा. आता सांगतो ते कार्तिकातलं आहे.

दुपारी मी चक्कीवरून पिठाचा डबा घेऊन येत होतो. दाराशी मोटरसायकल उभी दिसली. घनश्याम ओट्यावर बसला होता, आणि त्याच्यामागं वल्लरी. माझी नात. तेव्हा ती केजीत जायची. कोणीतरी तिचे केस मुलासारखे बारीक कापून टाकले होते.

"राम राम, बाबूजी."

"या, जावईबापू." सवयीनं तोंडातून गेलं.

आत येऊन तो खाटेवर बसला. पाणी प्याला. मग पिशवीतून लॅपटॉप काढून मांडीवर ठेवला, जसा एखादा तांदळाचा नमुना काढून दाखवतो. त्याचा कोपरा फुटला होता. पडद्याच्या कडेला अपेक्षानं आपल्या टिकल्या चिकटवून ठेवल्या होत्या, बाया आरशाला चिकटवतात तशा. लाल, मरून, एक हिरवी.

"हे खोलून द्या," तो म्हणाला.

"मले काय समजते त्यातलं?"

"समजायची जरूरत नाही. पासवर्ड पाहिजे. पहले मेराच नाम होता. पोळ्याच्या आधी कधी बदलला तिनं, मले बतायाबी नाही." त्यानं तोंडानं च्च् केलं. "आता सांगा बाबूजी, घरच्या आदमीले सांगायचं नाही का?"

जिवंत बायकोची तक्रार सासऱ्याकडे करावी, तसा तो बोलत होता.

त्यानं वायर लावली, झाकण उघडलं. निळा पडदा आला. त्यावर एक रिकामी पट्टी, आणि पट्टीच्या बाजूला प्रश्नचिन्ह. त्यावर बोट ठेवताच खाली इंग्रजी अक्षरांत एक ओळ उमटली.

"आठवण राहावी म्हणून लिहितात हे," तो म्हणाला. "पाहा, तिनं काय लिहिलं. आत्यानं कानात सांगितलेलं. अब ये क्या पहेली है? सगळ्यांची नावं टाकून पाहिली. तुमचं टाकलं, सासूबाईचं टाकलं, देवाचं टाकलं."

माझ्या हाताला पीठ लागलं होतं. मी ते धोतराला पुसत राहिलो.

"दुकानवाल्याले दाखवा," मी म्हणालो.

"दाखवला. तो म्हणते खुल जाएगा, पर अंदर का सब साफ. मंग मले काय फायदा? पूरी कॉलनी के नक्शे हैं उसमें. पार्टी रोज घरी येऊन बसून राह्यली."

"पोरगी गेली, घनश्याम. आन् तुमी तिच्यापासून अजूनबी नकाशेच मागून राह्यले."

"काम तो काम है, बाबूजी."

तेवढ्यात वल्लरी माझ्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली. लॅपटॉपकडे बोट करून म्हणाली, "नानाजी, मम्मी इसमें घर बनाती थी."

"कोणाचं घर, माय?"

"सबका. अपना भी."

घनश्यामनं तिचा हात धरून बाजूला केलं. "अगले महीने, अगहन में मेरी शादी है," तो म्हणाला. "ती म्हणते, बच्ची नको. भिलाईले दीदीच्या घरी पाठवून राह्यलो. उनके यहाँ काम करनेवाली भी नहीं है, तो बच्ची का मन लगा रहेगा."

मन लगा रहेगा. केजीतल्या पोरीचं.

"मले द्या तिले," मी म्हणालो.

तो जणू याच वाक्याची वाट पाहत होता. त्यानं लॅपटॉपच्या झाकणावर थाप मारली. "हे खुललं, तर बच्ची तुमची. नाही खुललं, तर परसों भिलाई की गाडी. मी कल शाम को येतो. लॅपटॉप इथंच ठेवून जातो, कोणाले विचारायचं त्याले विचारा."

आणि तो पोरीला घेऊन गेला. गाडीवर ती त्याच्या मागं बसली होती. वळणापर्यंत तिचं तोंड माझ्याकडे होतं.

मी पीठ मळायला घेतलं. इतकं मळलं की त्याचं रबर झालं. पोळी लाटलीच नाही.

लॅपटॉप कोनाड्यात ठेवून वर टॉवेल टाकला होता. संध्याकाळी दिवाबत्ती करायला उठलो, तेव्हा त्या कोनाड्यातून बारीक आवाज येत होता. आत एखादा लहानसा पंखा फिरावा तसा. वायर घनश्याम पिशवीत घालून सोबत घेऊन गेला होता, हे मला आठवलं. मी टॉवेलवर हात ठेवला. खालचं झाकण कोमट होतं. ताप उतरत आलेल्या लेकराच्या कपाळाएवढं कोमट.

मी हात लगेच काढला नाही. खरं सांगतो, काढवला नाही.

सकाळच्या जीपनं हट्ट्याला गेलो. मैनाबाई तिथंच राहते, बावडीच्या, त्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीच्या, अलीकडच्या गल्लीत. अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मला पाहून म्हणाली, "येवढ्या सकाळी काहून रे, तेजराम? जेवला का तरी?"

"बाई, तू अपेक्षाच्या कानात काय नाव सांगितलं व्हतं?"

सुपातला तांदूळ वर गेला तो खाली सुपात पडला नाही, जमिनीवर पडला.

तिनं मला आत नेलं. दार लोटून घेतलं. मी सगळं सांगितलं. लॅपटॉप, ती ओळ, भिलाई. ती ऐकत होती आणि गुडघ्यावर हात घासत होती.

"लगनाच्या हळदीच्या दिवशी सांगितलं मी तिले तिचं नाव," ती म्हणाली. "म्हटलं, आता मोठी झाली, ठेव तुह्यं तुह्यापाशी. नवऱ्याले सांगू नको. कोणालेच सांगू नको. बहुत खूश झाली रे. दिवसभर हसत व्हती."

"मंग सांग मले."

"नाही."

"बाई..."

"जिवंत होती तोवर गोष्ट येगळी. आता तिचं वर्ससुद्दा झालं नाही. जित्तेपणी जे नाव पहिलं कानात गेलं, त्या नावानं मेलेल्या माणसाले हाक द्यायची नसते. ते जिथं असंल तिथून वळते."

"वळू दे."

"येडा झाला का? कशी गेली ती, मालूम आहे का तुले? सुखात नाही गेली. राग घेऊन गेली. तसंच वळंल."

बाहेर कोंबडी सांडलेले तांदूळ टिपत होती, तिच्या चोचीचा टकटक आवाज येत होता. मग मी बोललो, आणि माझा आवाज माझाच मला ओळखू आला नाही.

"मी पोचलो तवा मले तिचं तोंडबी पाहू देलं नाही, बाई. उन्हं होती शेतावर. उन्हं. सूर्य डूबत होता म्हणाला तो माह्या तोंडावर. आन् आता माह्या लेकीची लेक भिलाईले भांडे घासाले पाठवते. राग घेऊन गेली ना? येऊ दे राग घेऊन. मले माह्या पोरीच्या रागाचं भेव नाही वाटत."

मैनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. तिचेही डोळे कोरडे नव्हते, पण ते रडण्याचे डोळे नव्हते.

"मी सांगते," ती म्हणाली. "पण इथं नाही. मी येते तुह्यासंगं. ते नाव मी पाळण्यापाशी देलं, तुह्या घरात. परत काढायचं तर तिथंच काढाले पाहिजे."

दिवे लागायच्या आधी घनश्याम आला. वल्लरीला आणलं होतं. तिच्या कपड्यांची पिशवीही गाडीला लटकवलेली होती, भिलाईला न्यायची की माझ्याकडे सोडायची, ते त्यानं अजून ठरवायचं होतं. मैनाबाईला पाहून तो हसला.

"अच्छा, तर ही आहे आत्या! बाई, तुमच्यापायी पूरा लांजी फिरलो मी. ऐसा नाम घर के आदमी से छुपाते हैं क्या?"

मैनाबाईनं त्याच्याकडे पाठ केली. ती वल्लरीजवळ जाऊन बसली.

चटईवर लॅपटॉप ठेवला. घनश्यामनं वायर लावली. निळा पडदा, रिकामी पट्टी, खाली ती ओळ. "हां, बोला," असं म्हणून त्यानं बोटं कळांवर ठेवली.

तेव्हाच लाइट गेली.

आमच्याकडे तेव्हा रोजच जायची. आमच्या बूढी मोहल्ल्यातली सगळी गल्ली एका झटक्यात अंधारली, कोणाच्या तरी घरातली टीव्हीवरची बाई बोलता बोलता तुटली. मी उठून कंदील लावला. काच बसवून वळलो, तर घनश्याम लॅपटॉपपासून हात वर धरून बसला होता.

पडदा तसाच निळा होता.

"इसकी बॅटरी तो... कब की मरी हुई है," तो म्हणाला.

मैनाबाई उठली. माझ्याजवळ आली. तिच्या तोंडाला पानाचा वास होता. दोन्ही हातांचा आडोसा करून तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

कुर्रर्र, केलं तिनं. म्हातारीच्या गळ्यातला घोगरा, थकलेला आवाज. आणि मग नाव सांगितलं.

ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. छान नाव आहे. एवढंच सांगतो, की इतकी वर्षं मी माझ्या पोरीला दुसऱ्याच कोणाच्या नावानं हाक मारत होतो असं मला वाटलं.

मी कान चोळत होतो, तेव्हा टक् असा आवाज झाला.

मग पुन्हा टक्.

घनश्यामचे हात हवेत होते. माझे कानाशी होते. कळांवर कोणाचाच हात नव्हता. एकेक कळ खाली दबत होती आणि वर येत होती. सावकाश नाही. सवय असलेल्या बोटांनी दाबावी तशी. रिकाम्या पट्टीत काळे ठिपके भरत गेले, एका शेजारी एक, आणि पट्टी निघून गेली.

लॅपटॉप उघडला.

"अरे... किसने..." घनश्याम म्हणाला. पण पाहा, माणसाचा लोभ कसा असतो. घाबरला होता, तरी पुढं सरकला. "खुला तो खुला. कॉलनी वाली फाइल कहाँ है..." त्यानं बोट फिरवलं. पडदा त्याचं ऐकत नव्हता. निळा रंग गेला आणि पूर्ण काळं झालं. त्या काळ्यावर पांढरी रेघ निघाली. अपेक्षा नकाशे काढायची तेव्हा असाच काळा पडदा असायचा, मी तिच्या मागं बसून पाहिलेलं आहे. एक रेघ, तिला काटकोनात दुसरी, मग भिंत, मग दार.

"ये तो अपना घर है," वल्लरी म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता.

लांजीचं घर. खालची खोली, वरची खोली. मग रेघा जिना काढू लागल्या. पायरी, तिच्यावर पायरी. जिना गच्चीला लागला. तिथं थांबायला पाहिजे होता. थांबला नाही. गच्चीच्या वर, जिथं घर संपलं होतं आणि काही नव्हतं, तिथंही पायऱ्या निघत राहिल्या.

"बंद कर," घनश्याम म्हणाला. कोणाला म्हणाला, कळलं नाही. "बंद कर ये."

तेव्हा मला वास आला. आधी वाटलं कंदिलाचा आहे. मग डोळे झोंबले. ताज्या निळ्या नकाशाचा वास, अमोनियाचा. उंबऱ्याकडून नाही आला. वरून येत होता.

आणि वरून पावलंही येत होती.

माझं घर तुम्ही पाहताच आहात. कौलाचं घर आहे. वर मजला नाही, माळा नाही, जिना तर नाहीच. पण आम्ही सगळ्यांनी ऐकलं. कोणीतरी जिना उतरत होतं. अनवाणी. सिमेंटच्या पायरीवर ओला तळवा टेकावा तसा आवाज. थांबत, थांबत. एखादी बाई साडी सावरत उतरते, तसं.

घनश्याम भिंतीशी सरकला. त्याची पाठ भिंतीला लागली.

"मैंने धक्का नहीं दिया," तो म्हणाला. "हाथ झटका था सिर्फ... तू बीच में आई... क्यों बदला पासवर्ड, इतनाच पूछा था... अपेक्षा, इतनाच..."

मैनाबाईनं माझं मनगट पकडलं. तिची नखं रुतली. कारण मी उठलो होतो. दारामागं माझी कुऱ्हाड असते, लाकूड फोडायची. या हातांनी मी पस्तीस वर्षं साल-सागाच्या ओंडक्यांवर हातोडा मारला, हे हात तोवर म्हातारे झाले नव्हते. तेवढ्या क्षणाला मी अगदी हलका झालो होतो. रागानं माणूस हलका होतो, हे तोवर मला माहीत नव्हतं.

"बस खाली," मैनाबाई म्हणाली. "तुह्यं काम नाही आता."

पावलं उतरली. शेवटची पायरी माझ्या जमिनीवर आली. पावलं चटईच्या कडेला, लॅपटॉपपाशी थांबली.

वल्लरी चटईवर बसली होती. तिनं वर पाहिलं नाही, रडली नाही, हसली नाही. फक्त बुड थोडं सरकवून बाजूला झाली. कोणीतरी शेजारी बसणार असलं म्हणजे जागा करून देतात ना, तशी. आज ती माझ्याच घरी वाढून मोठी झाली आहे, गोंदियाला कॉलेजात आहे, त्या संध्याकाळचं काही आठवत नाही म्हणते. मी विचारतही नाही. पण अजूनही ती बाकावर बसली, खाटेवर बसली, की डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून बसते.

मला काही दिसलं नाही. हे मी खरंच सांगतो. कंदील जळत होता, आणि चटईच्या त्या कडेला उजेड जरासा कमी होता, एवढंच. मी तिथं पाहून बोललो. कानात मिळालेल्या नावानं नाही, त्याची हिंमत झाली नाही. रोजच्या नावानं बोललो.

"अपेक्षा... माय... इकडे पाह्य. मी आहो. बाबा आहो तुह्या."

वास थोडा हलला. माझ्याकडे नाही, भिंतीकडे.

"एकडाव पाह्य वं, माय. मले तुह्यं तोंड पाहू देलं नाही कोणी..."

मैनाबाई हळूच म्हणाली, "नको बोलावू, तेजराम. ती तुह्यासाठी नाही आली."

घनश्यामचं बोलणं थांबलं होतं. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्यानं आपला उजवा हात पुढं केला. केला म्हणजे, तो हात पुढं आला. मनगटाशी त्याची कातडी आत दबलेली मला कंदिलाच्या उजेडात दिसली, बोटांनी घट्ट धरल्यावर दबते तशी. तो भिंत सोडून उभा राहिला.

लॅपटॉपच्या पडद्यावर पायऱ्या अजून निघतच होत्या.

तो दाराकडे गेला. वल्लरीकडे पाहिलं नाही. तिची कपड्यांची पिशवी गाडीला लटकलेली होती, गाडीची चावी चटईवर पडली होती, त्यानं कशालाच हात लावला नाही. चपलाही घातल्या नाहीत. उंबऱ्यावर मी त्याच्या आड उभा राहू शकलो असतो. मी बाजूला झालो. तो जवळून गेला तेव्हा त्या वासानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि एक थंड ओलसर काहीतरी माझ्या हाताच्या पाठीला लागून पुढं गेलं. मुद्दाम लागलं की जाता जाता, ते मी आजही ठरवू शकलेलो नाही.

मी कंदील घेऊन ओट्यावर आलो.

गल्ली अंधारी होती. आमची गल्ली सपाट आहे, पार वैनगंगेच्या रस्त्यापर्यंत सपाट. घनश्याम तिच्यातून चालला होता, उजवा हात पुढं ताणलेला, आणि प्रत्येक पाऊल गुडघ्यापर्यंत वर उचलून ठेवत होता. एक ठेवलं, की त्यावर जोर देऊन दुसरं वर. मध्ये दम खात होता. त्याच्या पायाखाली काय होतं ते माझ्या कंदिलाच्या उजेडात येत नव्हतं. आधी त्याचं डोकं शेजारच्या कुंपणाच्या वर दिसलं. मग खिडकीच्या वर. गल्लीच्या टोकाच्या घरापाशी पोचला तेव्हा आभाळात थोडा उजेड होता, आणि त्या उजेडात त्याचे खांदे मला त्या घराच्या कौलांच्या वर दिसले. मी त्याला हाक मारली नाही. त्यानंही वळून पाहिलं नाही, तसाच वर वर पाय टाकत निघून गेला.